गजेंद्र सरांच्या अकरा ओळी

फुस्स्स!

भर दुपारचे पावणेदोन. एप्रिल महिना. मोताळ्यातली आमची गल्ली कुलरसमोर निपचित पडलेली, छकुली पलंगावर हातपाय फेकून झोपलेली, आणि तेवढ्यात अंगणातल्या नळानं म्हाताऱ्या माणसानं नाक शिंकरावं तसा आवाज केला. फुस्स्स! मग खर्रर्र! मग पुन्हा चिडीचूप.

ज्यांच्या गावात रोज पाणी येतं त्यांना या आवाजाची किंमत कळायची नाही. आमच्या गल्लीत नळ अकराव्या दिवशी येतात. पाण्याच्या आधी पाइपात कोंडलेली दहा दिवसांची हवा बाहेर पडते, ती ही. त्यानंतर मोजून चाळीस मिनिटं पाणी. त्यात जे भराल ते तुमचं, पुढचे दहा दिवस देवाचे! पण आज तर नववाच दिवस होता. आज नळ येणार नाहीत हे धरूनच मी माझा सगळा बेत आखला होता.

आणि बेत काय साधासुधा? वेळेच्या नियोजनात अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी त्या दिवशी पावणेदोनपर्यंत खुशाल मानत होते!

मी मनाली. माहेर लोणारचं, सासर मोताळ्याचं आणि नोकरी पुण्याची. इंटरनेटचे ते लुकलुकणारे डबे असतात ना, त्यांच्या पोटात जी सिस्टीम चालते, ती आमची कंपनी बनवते. छकुली झाली तेव्हा नोकरी सोडली होती. चार वर्षांनी पुन्हा मिळाली ती अटीवर. तीन महिने घरून काम करून दाखवा, जमलं तर कायम, नाही तर रामराम. आणि हा त्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस! दीपमाला मॅडम संध्याकाळपर्यंत निर्णय सांगणार होत्या. माझ्यापुढे काम एकच होतं. गजेंद्र सरांनी सुचवलेली एक दुरुस्ती तपासायची आणि तीनच्या आत मत द्यायचं. तीन वाजता ती दुरुस्ती चारशे डब्यांमध्ये जाणार होती, आणि तिच्याखाली तपासणारी म्हणून माझं नाव.

छकुली एकला झोपते, तीनला उठते. दोन तास! मला चाळीस मिनिटं पुरे होती.

आजार असा होता. डब्यात एक यादी असते, कोणाकोणाच्या जोडण्या चालू आहेत त्याची. एक काम त्या यादीत बघून आलेला मजकूर ज्याच्या त्याच्या जोडणीवर पोचवतं. दुसरं काम संपलेल्या जोडण्या यादीतून खोडतं. दोन्ही एकाच वेळी चालतात. आता एकजण वाढतोय आणि दुसरा नेमकं तेच ताट उचलतोय, असं झालं की डबा आडवा! यावर उपाय म्हणजे लॉक. यादीला एक लॉक, प्रत्येक जोडणीला एक लॉक. हात लावायच्या आधी लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं, तोवर दुसऱ्यानं गुमान थांबायचं. खोडणारं काम जोडणीचं लॉक घ्यायचं, पण यादीचं घेतच नव्हतं. गजेंद्र सरांनी तेही घ्यायला लावलं. फक्त अकरा ओळी. दिवाळीच्या रांगोळीसारख्या रेखीव! खाली टीप होती: दहा हजार वेळा चालवून पाहिलं, एकदाही डबा पडला नाही.

गजेंद्र सर म्हणजे आमच्याकडचा शेवटचा शब्द. हे काम मला त्यांनीच शिकवलं. त्यांची चूक काढायची म्हणजे पुरणपोळीत मीठ कमी आहे असं थोरल्या जावेला पंगतीत सांगायचं!

तरीही, दुरुस्ती तपासताना आजूबाजूचा कोड उघडून बघायचा, हा या कामातला पहिला नियम. नुसत्या बदललेल्या ओळी पाहून मत देणं म्हणजे नवरदेवाचा फोटो पाहून सासू ओळखणं. मी उघडणारच होते हो! देवाशप्पथ उघडणारच होते. आणि फुस्स्स!

मी लिहिलं, "बरोबर आहे. मंजूर." एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. लॅपटॉप उघडाच ठेवला आणि उठले.

नळ आल्यावर आमच्या घरात जी कवायत होते तिच्यात तीन माणसं लागतात. आमच्या नळाला दाब एवढाच की करंगळीएवढी धार खालच्या बादलीत पडते. स्लॅबवरच्या टाकीत पाणी चढवायचं तर टिल्लू मोटर हवी. टिल्लू लावायला बंदी आहे, त्यामुळे गल्लीत प्रत्येकाकडे एकेकच आहे! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात नळाच्या तोंडाला मोटरची रबरी नळी दाबून धरतात, कारण तिची क्लिप तुटलेली आहे. मी आतल्या खोलीत मोटरचं बटण दाबते. मामंजी स्लॅबवर टाकीपाशी बसून "भरली!" म्हणून ओरडतात.

यात एक इतिहास आहे. मागच्या महिन्यात आत्याबाईंची नळी नीट बसायच्या आधीच मी बटण दाबलं. नळीनं हिसका दिला, आत्याबाई डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या आणि भिंतीपलीकडे जनकाबाईंनी बाजेवर वाळत घातलेल्या शेवया पुन्हा ओल्या झाल्या. त्या दिवशी मी नियम केला, "आत्याबाई, तुम्ही 'जोडली' म्हणाल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही." त्याच दिवशी स्वयंपाकघरात आत्याबाईंनीही नियम केला, "बटन दाबाच्या आंधी तू मले इचारशीन, मंगच मी सांगीन." मामंजींनी दोन्ही ठिकाणी मान डोलवली. कोणाच्याच लक्षात काही आलं नाही. एकेकटा पाहिला तर प्रत्येक नियम सोन्यासारखा होता!

तर मी बटणावर बोट ठेवून उभी राहिले.

अंगणातून आवाज नाही. मी थांबले. समोर छकुली झोपलेली. कपाळाला घामानं चिकटलेले केस, एका पायातलं पैंजण घोट्याच्या वर अडकलेलं, ओठ अर्धवट उघडे. चार वर्षं मी या झोपेचे तास चोरत आले आहे, पण तिची झोप कधी धड बघितलेली नाही. आता बघितली. तिच्याकडे बघताना हाक मारायचं धाडस होईना. ती उठली तर मी पुन्हा दुरुस्तीकडे कधी जाणार? आत्याबाई म्हणतीलच की "जोडली." नळी बसत नसेल अजून.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. हात अवघडला म्हणून मी बोट बदललं. पंधरा मिनिटांनी मला आत्याबाईंची दया आली. किती बिचाऱ्या झगडतायत त्या नळीशी! चाळीस मिनिटं झाली तेव्हा अंगणातून आवाज आला.

फुस्स्स.

हा दुसरा फुस्स वेगळा असतो. पाणी गेल्यावर नळ श्वास आत ओढतो, तो.

मी अंगणात धावले. आत्याबाई नळाशी उकिडव्या बसलेल्या, दोन्ही हातांनी नळी गच्च आवळलेली, चेहरा घामानं डबडबलेला. नळी बसलेली होती. पहिल्या मिनिटापासून बसलेली होती!

"अवं माय, बटन काऊन नाई दाबलं?"

"तुम्ही 'जोडली' म्हणालाच नाहीत!"

"तू इचारलं काय? तुले सांगतलं होतं ना, आंधी इचार म्हून!"

"मी विचारायचं कशाला? नियम असा होता की तुम्ही सांगायचं!"

"मले वाटलं तुही मीटिंग चालू असंन. तूच म्हन्ते ना दुपारी आरडू नका म्हून? पाय पाय, हात कसा लाल झाला माहा!"

"आणि मला वाटलं छकुली उठेल!"

वरून मामंजींचं डोकं डोकावलं. डोक्यावर ओला केलेला रुमाल, तोही एव्हाना वाळलेला. "झालं काय वं? मी इथं टाकीत धार पडाची वाट पाहून राह्यलो."

"मंग एवढा येळ आवाज नाई द्याचा तुमी?" आत्याबाई उसळल्या.

"मले 'भरली' म्हनाचं असते, रिकामी हाये म्हनाचं कोनी सांगतलं मले?"

भिंतीपलीकडून जनकाबाईंचा आवाज आला, "भांडू नोका वं बायांनो! आमची टाकी तं भरून वाहून गेली!" त्या 'वाहून गेली'नं आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरातलं तेवढंच पाणी!

मीही तोंड उघडलं होतं. काहीतरी बोलणार होते, फार चांगलं नव्हतंच ते. आणि तसंच उघडं राहिलं.

आम्ही तिघं नियमानं वागलो होतो. एकीच्या हातात नळी, एकीच्या हातात बटण. दोघी हातातलं सोडत नाहीत, दोघी दुसरीची वाट बघतायत, आणि मरेपर्यंत तशाच बघत राहिल्या असत्या. पोचवणाऱ्या कामाचा कोड मी मागच्याच महिन्यात वाचला होता. ते आधी यादीचं लॉक घेतं, मग जोडणीचं. आणि गजेंद्र सरांच्या अकरा ओळी? आधी जोडणीचं, मग यादीचं!

उलट क्रम! एक काम यादी धरून जोडणीची वाट बघणार, दुसरं जोडणी धरून यादीची. डबा पडणार नाही. तो नुसता उभा राहील, आत्याबाईंसारखा, लाल हातानं! दहा हजार चाचण्यांत नाही झालं म्हणून काय? आमच्या घरातही एकदा भिजल्यापासून महिनाभर कोणी ना कोणी आधी ओरडलंच होतं, म्हणून काही झालं नव्हतं!

"अगं बाई!" मी कपाळावर हात मारला. "मी काय करून बसले!"

"आता कळलं!" आत्याबाई म्हणाल्या.

दोन बत्तीस. तीनला अठ्ठावीस मिनिटं. मी आत धावले. पण मामंजी माझ्या आधी खाली उतरले होते. सगळ्या भांडणाचं मूळ बटण न दाबण्यात आहे एवढं त्यांना समजलं होतं, आणि ते मनाचे फार मोठे. त्यांनी बटण दाबलं. कोरडी मोटर घर्रर्र करून अडकली, बोर्डात चट्ट झालं आणि घरातली लाइट गेली. कुलर बंद. वायफाय बंद. छकुलीचे डोळे उघडले.

"आई, गरम होते."

"मी तार बांधतो फ्यूजले," मामंजी म्हणाले. मागच्या वेळी तार बांधायला त्यांना दोन दिवस लागले होते.

मोबाइल काढला. आमच्या गल्लीत मोबाइलचं नेट म्हणजे जत्रेतला पाळणा, फिरतंय फिरतंय पण पोचत कुठेच नाही. मॅडमना फोन लावला, त्या दुसऱ्या मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. उचलेनात. पक्कं नेट मिळतं ते एकाच ठिकाणी, एसटी स्टँडवर. मी लॅपटॉप बॅगेत कोंबला, छकुलीला कडेवर घेतलं, कारण ती सोडायलाच तयार नव्हती, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. रडत होते का? होते थोडी. तीन महिने डोळ्यांपुढून चालले होते, रडू नाही येणार?

आता हे चित्र तुम्ही जनकाबाईंच्या ओट्यावरून बघा. कोकिळाबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं, आणि सुनेचं कडाक्याचं भांडण. सासू डोळ्याला पदर लावून अंगणात. पाच मिनिटांत सून रडत, केस मोकळे, पाठीवर बॅग, कडेवर पोर, आणि एसटी स्टँडकडे पळतेय! आमच्याकडे याचा अर्थ सांगायला पंचांगवाला लागत नाही. सून माहेरी चालली! आणि परत न येण्यासाठी चालली, कारण जाताना चहाला थांबली नाही!

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी स्टँडवर पोचले, बाकावर बसले, छकुलीला शेजारी बसवलं, लॅपटॉप उघडला. बॅटरी नऊ टक्के. दोन शेहेचाळीस. मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडेपर्यंत मान वर केली तर समोर जनकाबाई, धापा टाकत.

"पोरी, माघारी चाल. भांड्याले भांडं लागतेच."

"काकू, मला बारा मिनिटं द्या फक्त."

"बारा मिनटात गाडी निघून जाईन ना वं!"

त्यांच्यामागे अजून चार बाया. त्यांच्यामागे हातात पाना घेतलेला सायकलवाला. मी टाइप करत होते. मंजुरी मागे घ्यायला कारण लिहावं लागतं. मी दोन शब्द लिहिते तोवर जनकाबाई माझ्या नवऱ्याला फोन लावत होत्या. चंद्रशेखरचं धामणगाव बढ्याला बियाणं-खतांचं दुकान आहे. "भाऊ, मनाली गेली बॅग घेऊन! हाव! पोट्टीसुदिक नेली!"

"काकू, मी कुठेही—"

"बोलू नको तू, तुहं मन भरून आलं हाये."

तेवढ्यात बुलढाण्याची गाडी लागली. कंडक्टर पंजाबराव खाली उतरले. हे जनकाबाईंचे चुलतभाऊ, त्यामुळे जिल्ह्यातल्या अर्ध्या बातम्या त्यांच्याच तिकिटाच्या पेटीतून फिरतात. त्यांना दोन वाक्यांत सगळं कळलं आणि ते हात जोडून माझ्यापुढे उभे राहिले.

"ताई, रागावू नोका, पन मी तुमाले तिकीट देत नाई. अर्धं बी नाई."

"मला नकोच आहे तिकीट!"

"पायलं?" जनकाबाई विजयानं म्हणाल्या. "इरघळली."

दोन बावन्न. बॅटरी पाच. आणि मॅडमचा व्हिडिओ कॉल आला! मी मघाशी लावलेले फोन त्यांनी पाहिले होते. मी उचलला. पडद्यावर मॅडम. आणि मॅडमच्या पडद्यावर मी, माझ्या डोक्यामागे पाच बाया, एक पाना, एक खाकी शर्ट आणि कडेला लाल गाडी.

"मनाली? तुम्ही... कुठे आहात?"

"मॅडम, ती दुरुस्ती थांबवा! मी मंजूर म्हटलं ते चुकलं. दोन लॉक उलट क्रमानं घेतली जातायत. सगळं जागच्या जागी उभं राहील!"

मॅडमनी गजेंद्र सरांना कॉलवर घेतलं. सरांचा चष्मा दिसला आणि मी बाकावर ताठ बसले.

"दहा हजार वेळा चालवलंय मी," सर शांतपणे म्हणाले. "कुठला क्रम?"

मी सांगायला लागले. यादी, जोडणी, पोचवणारं, खोडणारं. बॅटरी चार. घाबरल्यावर मी भराभर बोलते आणि भराभर बोलले की माझं मलाच कळत नाही. सर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. आणि नेमक्या त्याच वेळी गर्दी बाजूला झाली आणि आत्याबाई आल्या. अनवाणी! उन्हात, डांबरावरून, अनवाणी आलेल्या. त्या माझ्याशेजारी बाकावर टेकल्या, छकुलीला मांडीवर ओढलं आणि कॅमेऱ्याकडे न बघता, कॅमेरा काय असतो याचीही पर्वा न करता म्हणाल्या,

"मनाली, फुडच्या टायमाले मीच पयले आवाज देईन. तू इचारू बी नको अन् सांगू बी नको. मी पयले बोलीन. पन घरी चाल."

मला हुंदकाच आला. मॅडम म्हणाल्या, "या कोण?"

"माझ्या सासूबाई. त्यांनी नळी धरली होती आणि मी बटण, आणि आम्ही दोघी चाळीस मिनिटं..."

पंजाबराव इतका वेळ लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी घसा खाकरला.

"माफ करजा, मी मंधात बोलून राह्यलो. तुमचं भांडन मले समजलं. आमच्या राजूर घाटात हेच असते. अरुंद जागा, एक गाडी वरून, एक खालून. दोघंही थांबून राह्यले, तू सरक, तू सरक. मांगं लाइन लागते, ना हे हालते ना थे. म्हून घाटात कायदा एकच: चढतीले वाट, उतरतीनं थांबाचं. ड्रायव्हर कितीही मोठा असो. मंग अडकाचा सवालच नाई."

गजेंद्र सर एकदम पुढे वाकले, बाजूच्या स्क्रीनवर काहीतरी उघडून वाचलं. मग चष्मा काढला.

"हो," ते म्हणाले. "पोचवणारं काम यादी आधी घेतं. मी ते उघडून पाहिलंच नाही. राहिलं माझ्याकडून." मग थोडं थांबून, "सगळीकडे एकच क्रम हवा. आधी यादी, मग जोडणी. दीपमाला, थांबव."

दोन अठ्ठावन्न. थांबलं. चारशे डबे वाचले! सायकलवाल्यानं पाना हवेत उंचावला, का ते त्यालाही माहीत नव्हतं. जनकाबाईंनी मॅडमना सांगितलं, "झालं, मिटलं यांचं."

"ते खाकी शर्टातले गृहस्थ कोण?" मॅडमनी विचारलं. "नाव सांगा. सहा मिनिटं तुम्ही जे सांगत होता, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं!"

आज त्या दुरुस्तीच्या नोंदीत कायमचं लिहिलेलं आहे, हवं तर पुण्याला जाऊन बघा: "क्रमाची कल्पना: पंजाबराव, वाहक." त्याच्या खाली माझं नाव आहे. पुढे दोन ओळी. एक अठ्ठेचाळीस, मंजूर. दोन अठ्ठावन्न, मंजुरी मागे.

मला वाटलं, संपलं आता. बॅटरी दोन टक्के होती.

"मनाली," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "न वाचता मंजूर केलंत, ती चूकच. पण सरांची चूक पकडायला या ऑफिसात कोणी धजावलं नसतं, आणि भर स्टँडवरून तर नाहीच. मला तुम्ही हव्या आहात. कायम. पण हे असं, नळाच्या आणि फ्यूजच्या मध्ये बसून नाही होणार. तुम्हालाही दिसतंय ते. एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात या. रोज. सोमवारपर्यंत कळवा." आणि लॅपटॉप काळा झाला.

नोकरी मिळाली! मोताळ्यापासून चारशे किलोमीटरवर!

मी काळ्या पडद्यात माझंच तोंड बघत बसले. आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हने थे बाई?" मी म्हटलं, "घरी चला." पंजाबरावांनी घंटी दिली, गाडी घाटाकडे गेली. गाडीतल्या लोकांनी खिडकीतून आम्हाला हात केले. घरी येताना आत्याबाईंना माझ्या चपला घालायला दिल्या, त्यांना दोन बोटं आखूड होत होत्या, तरी त्या वरातीसारख्या चालल्या. सून परत आणली होती त्यांनी! वाटेत जनकाबाई म्हणाल्या, "माह्या टाकीतून दोन गुंड पानी घेऊन जा वं."

घरी आलो तर दारात चंद्रशेखर, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या, हातात हेल्मेट. "काय झालं?" ऐवजी त्यानं आधी छकुलीला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. मग माझा मोबाइल वाजला. लोणारहून माझे वडील, अण्णा. चंद्रशेखरनं घाबरून त्यांनाच विचारलं होतं, मनाली तिकडे निघालीय का म्हणून.

"बाळा, तू काळजी करू नको. मी गाडीत बसलो, मेहकर आलंच समज. कोणाशी एक शब्द बोलू नकोस. मी येतो आणि तुला घेऊन जातो."

"अण्णा, काही झालेलं नाही हो, परत जा!"

"असंच म्हणतात सगळ्या," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. पुण्याचंही सांगितलं. चंद्रशेखरचं दुकान मागच्याच वर्षी धरायला लागलंय. तो म्हणाला, "चांगलंच झालं ना," आणि हेल्मेट आतून पुसायला लागला. मामंजी फ्यूजची तार सोलत होते, ते सोलतच राहिले. आत्याबाई उठल्या, जनकाबाईंकडून पाण्याचे दोन गुंड आणून ठेवले आणि गुंडाकडे बघत म्हणाल्या, "जाय तू. आमी काय, पानी भरू." त्यांना माझ्याशिवाय बटण दाबायला कोणी नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो पुन्हा दुपारचाच प्रकार झाला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं!

पाच वाजले. उन्हं उतरली तशी मी ओट्यावर छकुलीची वेणी घालायला बसले. डोक्यातून पुणे जात नव्हतं. सोमवार, सोमवार. ती मान हलवत होती आणि भांग वाकडा होत होता.

"आई, थ्या लॅपटॉपमधल्या मॅडम काऊन चिल्लावत होत्या?"

"ओरडत नव्हत्या गं. एक कोडं होतं. दोघं असतात. एकाकडे एक वस्तू असते, दुसऱ्याकडे दुसरी. दोघांनाही दोन्ही पाहिजे असतात. आपल्याकडची कोणीच सोडत नाही, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात."

"किती येळ?"

"कायम."

छकुलीनं विचार केला. वेणीतलं रिबन माझ्या हातातून ओढून तोंडात धरलं, मग काढलं.

"मंग कोनी तरी सोडलं पायजे ना."

"हो. कोणीतरी सोडलं पाहिजे."

ती मागे वळली. भांग गेला. माझ्या हनुवटीला तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि अगदी जवळून माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"आई, तू काय सोडशीन?"